नर्सबाईची बरफाची काफी

आमच्या राहुरी तालुक्यात पैली आईस कॉफी झाली ती माझ्यामुळं झाली, हे मी कुनाच्या बी म्होरं छाती ठोकून सांगीन. आता तिच्यातला बरफ मी आनलाच नव्हता, तो नर्सबाईंनी भर उन्हात सोता जाऊन आनला, पन सायकल मातूर माझी हुती.

मी किसन, बरफाचे गोळेवाला. सायकलच्या मागं लाकडी पेटी, पेटीत भुसा, भुशात बरफाची लादी आन वर गोळा किसायचा रंधा. शाळा म्हनाल तर तिच्या भिंतीला टेकून मी लई वर्सं धंदा केला, आत जायचा योग आला न्हाई. लेकरं आतून हिशेब शिकून यायची आन भाईर माझ्यावर करून बघायची.

बाहात्तरच्या दुष्काळाच्या टायमाला आमच्या गावाला दयाबाई नावाच्या नर्स हुत्या. नगरच्या ख्रिस्ती घरातल्या. चावडीच्या बाजूला दोन खोल्या, एकीत दवाखाना, दुसरीत बाई ऱ्हायच्या. ऱ्हायच्या म्हंजी त्यांचं सामान ऱ्हायचं. बाई गावभर.

बुडाला भिंगरी म्हनत्यात ना, ती बाईंच्या बुडाला देवानं कारखान्यातच बसवून धाडल्याली. कुनी पाट मांडला, बसा म्हनलं, तर बाई पाटावर औषधाची पिशवी ठिवायच्या आन आपन उभ्या. जेवायच्या बी उभ्यानंच, हातावर भाकर घिऊन, येरझाऱ्या घालत. "बसलेलं पाणी आणि बसलेलं माणूस, दोन्हीत किडे पडतात," हे त्यांचं ठरल्यालं बोलनं. चावडीवर आमी रिकामटेकडे बसायचो, ते हे ऐकून जरा सरकून बसायचो. उठायचं कोन न्हाई.

बोलायच्या बी सायकल हानता हानता. निम्मं बोलनं तुमच्या दारात, निम्मं फुडच्या दारात. एकदा "रखमा, लेकराला आज..." येवढं रखमाच्या दारात झालं आन "...आंघोळ घालू नको" हे शेजारच्या म्हादूच्या दारात पडलं. रखमानं लेकराला घसघसून धुतलं, आन म्हादू आठवडाभर बिनआंघोळीचा फिरला. कुनी इचारलं तर म्हनायचा, नर्सबाईंचा हुकूम हाय.

काळी छत्री कायम संगट, पन उन्हात बी मिटल्याली. उघडायची म्हनलं तर थांबाया लागतंय. छत्रीचा उपेग मानसं ढोसायला. माझ्या गाडीपाशी आल्या की टोकानं माझा पंजा वर करायच्या.

"नखं बघ! ह्यांत हरभरा पेरला तर उगवेल, किसन."

"पाऊस कुठंय बाई, कोरडवाहूत न्हाई यायचा."

लेकरं हासायची, बाई फिदीफिदी करनाऱ्या लेकरांची बी नखं बघायच्या, आन माझा धंदा तेवढ्यापुरता बसायचा.

माझ्या थोरल्याचा जन्म त्यांच्याच हातचा. माझी बायको हौसा आत वरडत हुती, आन मी दारात उभं ऱ्हाऊन सारखं इचारत हुतो, झालं का, झालं का. बाई दार किलकिलं करून म्हनल्या, "किसन, विहिरीचा दोर घेऊन ये. पळ." मी पळालो. पाटलाच्या हिरीचा दोर सोडायला गेलो, तिथं पाटलीनबाई भांडली, तिला म्हनलो बाळंतपनाला पायजे. तिनं कपाळाला हात लावला, पन दिला. तेवढा जड दोर खांद्यावर घिऊन घामाघूम आलो तर आतनं पोराचा आवाज. म्हनलो, "बाई, दोर आनला, कशाला पायजे हुता?"

"तुला बांधायला," म्हनल्या. "मधे मधे येत होतास."

तर अशा बाई. दुसऱ्याच्या घरात जीव आनायचा आन फुडच्या घरी पळायचं. पन त्या उन्हाळ्यात त्यांची गाडी सोताच्या घरात आडली.

बाईंची आई नगरला एका गोऱ्या सायबाच्या बंगल्यावर आया हुती. उभा जन्म तिथं गेला. सायेब आन मडम आपल्या मुलखाला निघून गेले, बंगल्याला कुलूप लागलं, आन मागच्या खोलीतली म्हातारी बाईंनी आमच्या गावाला आनली. गाव तिला आयाबाई म्हनायला लागलं. पांढरंशिप्पट पातळ, केस चापून बसवल्याले, आन एक पत्र्याची पेटी. म्हातारीनं पेटी दाराच्या आत ठिवली आन तिच्यावर बसली, तोंड रस्त्याकडं. पेटी उघडंना. येनाऱ्याजानाऱ्याला इचारायची, "नगरची गाडी कवा हाय?"

बंगला बंद झालाय हे तिला ठावं हुतं. तरी इचारायची.

आन मंग ती खायाची बंद झाली. पैल्यांदा भाकर सोडली. बाई म्हनल्या, मिलोची, त्या रेशनच्या परदेशी ज्वारीची लाल भाकर, म्हातारीच्या घशाखाली उतरत नसंल. पेज केली. पेज बी सोडली. शेजारनीनं आपल्या पदरची ज्वारी घालून आंबील दिली, तिला हात लावला न्हाई. पान्याचे दोन घोट, बास. दात आवळून बसायची आन रस्ता बघायची. तिला दुखत खुपत काय नव्हतं. तिला हितं ऱ्हायाचंच नव्हतं, आन तिथं जायाला जागा नव्हती, म्हनून ती मधल्या मधीच संपत चालली हुती.

बाईंचं फिरनं मंग दुप्पट झालं. गावात चक्कर मारायच्या, घरी येऊन म्हातारीची नाडी बघायच्या, परत भाईर. घरात थांबवत न्हाई आन घर सोडवत न्हाई. दवाखान्यात लेकरांसाठी दुधाच्या पावडरीची पोती आल्याली. मी शहानपना केला. म्हनलो, "बाई, त्यातली मूठभर आयाबाईला कालवा की. कोन बघतंय?"

छत्री अशी वर गेली की मी गाडीच्या पल्याड.

"ती लेकरांची आहे. माझी आई लेकरू नाही, लेकरागत वागते एवढंच." मंग छत्री खाली आली आन आवाज बी खाली आला. "गावातल्या प्रत्येक पोराच्या तोंडात पहिला घोट मी घातला, किसन. आणि माझ्याच आईचे दात मला उघडता येत नाहीत."

त्या दिवशी मी गोळ्याला गिऱ्हाईक असून बी आवाज दिला न्हाई.

मंग एका दुपारी म्हातारी आपल्याआपनच बोलली. सूर्य डोक्यावरून कलला हुता, तिकडं बघून म्हनली, "आत्ता मडमेच्या आईस काफीची येळ." बास, येवढंच. पन कितीतरी रोजांनी तिच्या तोंडातनं खायापियाचा शबुद आला हुता. बाईंच्या अंगात वारं शिरलं. तशाच सायकलवर बसल्या.

ही झाली मला मागनं कळल्याली गोष्ट. मला त्या टायमाला जे कळलं ते असं, की मी चावडीपाशी पेटी धूत हुतो आन धुरळा उडवत बाई आल्या, थांबल्या न्हाईत, जाता जाता वरडल्या, "किसन, उद्या आईस कॉफी करायचीय! राहुरीहून आणशील ना? भरपूर आण!" आन गेल्या.

मी इचार केला. आपन अडानी, आपन म्हनतो 'आयला'. शिकल्याली मानसं म्हनत्यात 'आईस'. माझ्या धाकट्या भावाचं पत्र आलं की पोस्टमन वाचून दावायचा, त्याची सुरवातच अशी, 'तीर्थरूप आईस नमस्कार'. तसंच हे. आईस कॉफी करायची, म्हंजी आयला काफी करून द्यायची. येवढं शुद्ध मराठी आपल्याला एका झटक्यात कळलं, ह्याचा मला असा गर्व झाला की घरी जाऊन हौसाला म्हनलो, "आजपास्नं पोरास्नी सांग, बापास पानी द्या म्हनावं."

हौसा म्हनली, "बापाला तांब्या हाय, उठून घ्या म्हनावं."

आमच्याकडं काफी म्हंजी एकादशीला, न्हाईतर आजाऱ्याला. ती बी जायफळ उगाळून. पिली की मानूस भिताडासारखं पडून ऱ्हातंय. राहुरीच्या दुकानदारानं काफीचं नाव काढताच इचारलं, "कोन आजारी हाय?" म्हनलो नर्सबाईंची आई. "मग जायफळ बी ने," म्हनला. भरपूर आन म्हनलं हुतं, म्हनून मी काफीच्या पुड्यांनी पिशवी भरली. बरफ बी नेहमीवानी घेतला, आन येताना खडी फोडायच्या कामावर थांबलो. उन्हात मानसं करपून कोळसा झाल्याली. बघता बघता सगळी लादी संपली. रिकामी पेटी वाजवत, गानं म्हनत मी गावात आलो.

बाई दारात फेऱ्या मारत हुत्या. खांद्यावर गोनपाट, हातात बत्ता. काफी सकाळीच करून, गाळून, पातेल्यात गार करत ठिवल्याली. शेळीचं दूध तापवून निवत ठिवल्यालं.

"आणलंस?"

"भरपूर!" म्हनून मी पिशवी फुडं केली.

बाईंनी पिशवीत बघितलं. मंग पेटी उघडून बघितली. मंग मला बघितलं.

"बर्फ कुठाय?"

"इकला की. समदा. आज लई उठाव हुता बाई."

"अरे, आईस कॉफी म्हणाले होते ना मी तुला?"

"व्हय. आईस. म्हंजी आयला."

बाईंच्या हातातला बत्ता तसाच ऱ्हायला. "आईस म्हणजे बर्फ रे, किसन! इंग्रजीत!"

"मंग मराठीत सांगायचं की. मी बरफ इकतो, मला बरफ म्हनलं की कळतंय."

मला वाटलं आता बत्ता बसतोय. पन बाईंनी वर सूर्याकडं बघितलं, आत म्हातारीकडं बघितलं आन म्हनल्या, "सायकल सोड." पदर खोचला, माझी दांड्याची पुरुषी सायकल, मागं पेटी, त्याच्यावर चढल्या आन निघाल्या. चावडीवरचे समदे उठून उभे ऱ्हायले. त्या उन्हात डांबर इतळत हुतं, कुत्रं सावली सोडत नव्हतं, आन बाई राहुरीला चालल्या. सोता नर्स हुऊन असं हिंडायचं, आन दुसऱ्याला म्हनायचं उन्हात फिरू नका.

आत म्हातारी पेटीवर, मी उंबऱ्यावर. लई टाईम झाल्यावर ती म्हनली, "तू कोन रं?"

"मी बरफवाला, आयाबाई."

"बरफ कुठंय?"

"न्हाई."

"मंग तू कोन?"

मी इषय बदलला. म्हनलो, "ती मडमेची काफी कशी असायची?"

म्हातारीचं डोळं जरा उघडलं. "गिलासाला भाईरनं घाम फुटला पायजे. मडम आधी बोट फिरवून बघायची. कोरडा असला की परत धाडायची. आन बरफाचा आवाज आला पायजे, बारीक, बांगडीवानी."

"आन चवीला?"

"चवीला मला काय ठावं? मी वतायची. पियाची ती."

येवढं बोलून तिनं पुन्यांदा दात आवळलं. पन गप बसनं माझ्या अंगाला लागत न्हाई. पातेल्यात बोट घातलं तर काफी पार गार पडल्याली. म्हनलो, बाई दमून येतील, उपासी म्हातारीच्या पोटाला गार काय चालायचं? इस्टो पेटवला आन काफी चांगली कढकढीत उकळून ठिवली.

बाई आल्या तवा त्यांच्या तोंडाचा रंग बी गोळ्यावर घालायच्या लाल सरबतावानी झाला हुता. पेटीतनं पानी गळत हुतं. उतरल्या त्याच फोडायला लागल्या. मी मागनं म्हनलो, "बाई, आयाबाईनं ती काफी कधी चाखलीच न्हाई. नुसती वतलीया."

बाईंचा बत्ता वरच थांबला. बाई तशा कायम उभ्याच असायच्या, पन हे उभं ऱ्हानं येगळं हुतं. उभा जन्म आई एक वस्तू हातात घिऊन दुसऱ्याच्या टेबलापातूर चालत गेली, आन लेकीला वाटलं हुतं की तिला तिची चव आठवतीया.

"मग आज पिईल," म्हनल्या, आन घाईघाईनं सगळा फोडल्याला बरफ पातेल्यात वतला.

च्यूंऽऽ झालं. बरफ गेला. काफी कोमट.

बाईंनी पातेल्याला हात लावला. "ही गरम कुणी केली?"

मी माझी नखं बघत बसलो.

तेवढ्यात मागनं आवाज आला. "आगं ये! ऊन काफीत बरफ घालत्यात व्हय कुठं? सर तिकडं!" बघतो तर म्हातारी पेटीवरनं उठल्याली. भिताडाला धरून, थरथरत, पन उठल्याली. लेकीच्या हातातनं पळी घेतली आन तिला कोपरानं बाजूला केलं. "येवढं शिकलीस आन काफीची अक्कल न्हाई. कोमट फेक... न्हाई, फेकू नगं, दुष्काळ हाय, त्या बरफवाल्याला पाज."

ती कोमट काफी मी पिलो. पानी पिल्याची चव आन पाप केल्याची चव, दोन्ही एकदम.

म्हातारीनं नवी काफी केली. लई घट्ट, काळी. मंग पातेलं परातीत ठिवलं, भवती ओला फडका गुंडाळला, आन मला सुपानं वारा घालायला बसवलं. बाई सारख्या येऊन बोट घालून बघायच्या. "झाली आता, आई. घालू बर्फ?"

"थांब."

"अगं, तेवढ्यात उरलेला पण वितळेल."

"थांब म्हनते ना. बाईमानूस आडली की रातभर थांबतीस, काफीला थांबवत न्हाई तुला?"

बाई गप बसल्या न्हाईत, गप फिरल्या. दवाखान्याच्या बाटल्या लावायच्या, परत काढायच्या, परत लावायच्या.

शेवटाला काफी गार झाली. म्हातारीनं दवाखान्यातला एकुलता काचेचा गिलास मागितला, बरफ बारीक फोडून निम्मा भरला, वरनं काफी, साखर, मंग दूध अशी धार धरून वतलं की काळ्यात पांढऱ्या शेवया उतरल्या. गिलासाला भाईरनं घाम फुटला. म्हातारीनं बोट फिरवून बघितलं. जेवायच्या थाळीवर धुवट फडका घातला, त्याच्यावर गिलास ठिवला, थाळी दोन्ही हातांनी धरली, मान जरा खाली घातली, आन उभी ऱ्हायली.

उभीच ऱ्हायली. द्यायाला फुडं कोनच नव्हतं.

मंग ती वळली आन थाळी लेकीपुढं धरली. "घे."

"मी नाही. तू घे आई. तुझ्यासाठीच केलीय."

"मी केलीया. करनाऱ्यानं प्याची नसती. घे, बस."

"तू बस."

"तू बस."

दोघी उभ्या. एक बसंना, दुसरी पियंना. दोघींची नाकं सारखी, हट्ट सारखा. मला राहवंना, मी वरडलो, "अवो, कुनी तरी बसा, बरफ इतळतोय!"

बाईंनी गिलास उचलला आन म्हातारीच्या ओठाला लावला. तान्ह्या पोराला लावत्यात तसा, मानंखाली हात घालून. म्हातारीनं दात आवळले. पन घामेजल्याला गिलास, एक थेंब हनवटीवर पडला, गार गार, आन तिचं तोंड आपसूक उघडलं. एक घोट आत गेला.

आमी दोघं तिच्या नरड्याकडं बघतोय. नरडं हाललं.

म्हातारीनं ओठावरनं जीभ फिरवली. मंग म्हनली, "ह्याच्यापायी वरडायची व्हय ती बया?"

आजून एक घोट घेतला. "शेळीचा वास येतोय." तिसरा घेतला. मंग गिलास लेकीच्या हातातनं आपल्या हातात घेतला, पेटीवर बसली, आन म्हनली, "भाकर हाय का गं? काला करते."

मिलोची लाल भाकर, आन बरफाच्या काफीत काला! त्या गोऱ्या मडमेनं बघितलं असतं तर तिला घेरी आली असती. म्हातारीनं चतकोर खाल्ली, गिलास पुसून खाल्ला. बाई भिताडाकडं तोंड करून बाटल्या लावत ऱ्हायल्या. लावल्याल्याच बाटल्या. एक बी सरळ लागत नव्हती.

गिलास ठिवताना म्हातारी मला म्हनली, "उद्या बरफ येळंवर आन."

उद्या म्हनली! आईशप्पत सांगतो, सायकल घिऊन घरी चाललो तर रस्ता दिसत नव्हता. डोळ्यात भुसा गेला असंल.

त्या उन्हाळ्यात रोज लादीचा एक तुकडा बाईंच्या घरचा. पत्र्याची पेटी उघडली, त्यातलं पातळं खुंटीवर आली, आन पेटीच्या पाठीवर गोनपाट टाकून बरफ फोडायचं काम सुरू झालं. नगरच्या गाडीचं कुनी नाव काढलं तर म्हातारी म्हनायची, "मला येळ न्हाई." खरंच नव्हता. फुडं फुडं ती लेकीसंगं बाळंतपनाला जायाला लागली. लेक आत, म्हातारी दारात, नवऱ्यांना दटावायला.

दुष्काळ सरला, फुडच्या सालाला बाईंची बदली जामखेडला झाली. समदं गाव एसटीपाशी. बायका रडतायत, लेकरं चाकाला लोंबकाळतायत, ड्रायवर हारन वाजवतोय, आन बाई कुठं दिसनात. मंग वर बघितलं. बाई शिडीनं टपावर चढल्याल्या, पदर वाऱ्यानं फडफडतोय, आन हमालाला बाजूला सारून सोताच सामानाला गाठी मारतायत. खालनं कंडक्टर म्हनतोय, "अवो बाई, उतरा, पडाल!" आन बाई वरनं त्याला म्हनतायत, "तुझे डोळे पिवळे दिसतायत, ऊस खा, तेलकट बंद कर!" बाईंना मी शेवटचं बघितलं ते तसं, आभाळाला टेकल्यालं.

मी खिडकीपाशी गेलो. आयाबाई आत बसल्याली, मांडीवर काचेचा गिलास फडक्यात गुंडाळून. म्हनलो, "आयाबाई, तुमी चालल्या. आपन तिघांनी मिळून काफी केली. मला इसरनार न्हाई ना?"

म्हातारीनं मला वरनं खाली बघितलं.

"काफी केली मी," म्हनली. "बरफ आनला लेकीनं. तू वढायला हुतास. बैलाला कोन इसरतंय रं?"